थोरलीच्या बाजूचं गवत

थोरलीला कुणावर विश्वास ठेवायची सवय नव्हती आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. दूधवाल्यानं माप काठोकाठ भरलं तरी ती भांडं खिडकीशी नेऊन बघे. नवरा कधी नव्हे ते "आज बरी दिसतेस" म्हणाला, तर याला आता काय हवंय या विचारात तिचा दिवस जाई. अख्ख्या जगात एकाच गोष्टीवर तिचा डोळे झाकून विश्वास होता, आणि ती म्हणजे तिचे स्वतःचे डोळे.

तो विश्वास फुकटचा नव्हता. सासऱ्यांच्या कारखान्यात ती तीस वर्षं विणत होती. कारखाना म्हणायचं ते आपलं जुन्या सवयीनं. एक लांबट शेड, उत्तरेला सात खिडक्या, मध्ये चार मीटर रुंदीचा उभा माग आणि मागच्या अंगाला लोकर रंगवायची भट्टी. चित्रकार कागदावर चित्र काढून आणत, इथे ते लोकरीत विणून होई, आणि मग कुठल्या तरी मोठ्या दालनात भिंतभर टांगलं जाई. करड्या रंगाच्या नऊ लड्या पुढ्यात टाकल्या तर थोरली त्या फिक्यापासून गडदपर्यंत गप्पा मारता मारता ओळीनं लावून ठेवी. सासरे होते तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून हा खेळ दाखवत.

पण दालनातल्या भिंतीवर, चित्राखालच्या पट्टीवर, नाव चित्रकाराचं असे. थोरली एकदा असं चित्र बघायला गेली होती. स्वतः सात महिने विणलेल्या कापडाजवळ ती बोट नेते न नेते तोच रखवालदार म्हणाला, "बाई, हात लावू नका." हे ती अजून सांगायची, आणि सांगताना तिचे कान लाल व्हायचे.

म्हणून या वेळच्या चित्रकारीणबाई जेव्हा म्हणाल्या, की खालचा उजवा कोपरा, वीतभर, विणणाऱ्याचा, तिथे मी रेघसुद्धा मारणार नाही, तिथे तुमचं नाव विणा, तेव्हा थोरलीनं पदराला हात पुसले. मग तिनं विचारलं, "लेखी देणार का?" बाईंनी लगेच कागदावर लिहून दिलं. "फक्त एकच नाव," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या हातचं काम, त्यांचं."

मागावर बसणाऱ्या होत्या दोघी. थोरली, आणि तिची धाकटी जाऊ, जिला सगळे धाकटीच म्हणत. दोघींच्या वयात चौदा वर्षांचं अंतर. धाकटीचा नवरा ट्रक घेऊन सदा बाहेर, महिन्यातून दोनदा घरी. ती विणायला शिकली ती इथे, थोरलीच्या हाताखाली, थोरलीची बोलणी खात. तेव्हा नाव कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. दोन दिवस थोरली खुशीत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. प्रश्नच नव्हता, तर बाईंनी 'एकच' असं मुद्दाम कशाला सांगितलं?

चित्र होतं नदीकाठाचं. खाली गवत, वर पाणी, आणि मध्ये जिथे गवत पाण्यात शिरतं तिथे नुसती गुंतागुंत. हिरव्याच्या एकतीस छटा, निळ्याच्या सव्वीस. बस. थोरलीनं विचारलं, "दुसरा रंगच नाही?"

"नको," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून आधी हातभर नमुना विणून घेतला ना मी, तो बघितला आणि ठरवलं. हे चित्र मी तुमच्यासाठीच काढलंय."

थोरलीला हे बोलणं फार आवडलं. पुढे सहा महिने ती ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवत होती. त्या वाक्यावर तिला संशय आला नाही. हीच गंमत आहे संशयी माणसांची. दुधाचं माप बघतील, पण कौतुक मात्र न मोजता घरात घेतील.

हे विणकाम कसं चालतं ते सांगायला हवं. विणणारी बसते चित्राच्या मागच्या बाजूला. तिच्या समोर असते उलटी बाजू, जिथे लोकरीची सुटी टोकं लोंबत असतात, दाढी वाढल्यासारखी. सुलटी बाजू पलीकडे. ती बघायची तर उठून पलीकडे जावं लागतं, नाहीतर समोर लावलेल्या छोट्या आरशात डोकवावं लागतं. विणून झालेलं कापड खालच्या रुळावर गुंडाळलं जातं, त्यामुळे कधीही बघावं तर डोळ्यांपुढे असतो हातभर तुकडा. शिवाय चित्र आडवं विणतात. म्हणजे डावी कड आधी, उजवी शेवटी. मागाच्या एका टोकाला चित्राची खालची बाजू, दुसऱ्या टोकाला वरची. खालची बाजू, म्हणजे गवत आणि ती गुंतागुंत, थोरलीकडे आली. वरचं मोकळं पाणी धाकटीकडे. आणि नावाचा कोपरा थोरलीच्या बाजूला, अगदी शेवटच्या वितीत.

आरशाची थोरलीला चीड होती. "आरसा तोंड बघायला," ती म्हणायची. "विणायला डोळे पुरतात."

पहिली खूण सापडली ती चौथ्या महिन्यात. थोरली रोज एक वाजता समोरच्या घरी जेवायला जाई, पाठ टेकून दोनला परत येई. धाकटी डबा आणून मागाशीच जेवत असे. त्या दिवशी दोनला थोरली बाकावर बसली, हात घातला, आणि तिच्या हातात एक परकी कांडी आली. कांडी म्हणजे ज्या छोट्या लाकडी काडीवर लोकर गुंडाळून ती उभ्या धाग्यांतून ओवतात ती. थोरली लोकर गुंडाळते ती अंगाकडे. धाकटी गुंडाळते अंगापासून लांब. कितीदा ओरडून झालं, ती खोड गेली नव्हती. आणि ही कांडी, थोरलीच्या गवतात लोंबणारी, उलटी गुंडाळलेली होती.

"माझ्या बाजूला तुझी कांडी कशी?" थोरलीनं विचारलं.

धाकटी गडबडली. "तुमच्या भरून ठेवत होते, जाऊबाई. वेळ होता म्हणून."

"मला कांड्या भरता येत नाहीत?"

"तसं नाही."

"मग कसं?"

थोरलीनं त्या कांडीवरची लोकर सगळी सोडली आणि पुन्हा आपल्या पद्धतीनं गुंडाळली.

त्या दिवसापासून थोरली डोळ्यांत तेल घालून बघू लागली, आणि बघणाऱ्याला काय, दिसायला लागलं की दिसतच जातं. लोकरीच्या कप्प्यांचं फडताळ धाकटी सकाळी लवकर येऊन आवरते, हे तिला दिसलं. प्रत्येक लडी आपल्या कप्प्यात, इकडची तिकडे नाही. पूर्वी तर ही पोरगी स्वतःच्या चपला जागेवर ठेवत नव्हती. आपण जेवून आलो की धाकटीच्या मांडीवर लोकरीचे बारीक कुरळे तुकडे असतात, हे दिसलं. तसे तुकडे पडतात ते विणताना नाही, उसवताना पडतात. आणि चित्रकारीणबाई आठवड्यातून एकदा फोटो काढायला येत, त्या नेमक्या धाकटीशी भट्टीजवळ हळू आवाजात बोलत, आणि थोरली आली की दोघी हवापाण्याच्या गप्पा सुरू करत.

एकदा तिनं भट्टीच्या दाराआडून कान दिला. बाई म्हणत होत्या, "त्यांना काही सांगायचं नाही, कळलं ना?" पुढचं पाण्याच्या आवाजात गेलं.

घरातही काहीतरी शिजत होतं. तिचा नवरा भट्टीवर लोकर रंगवायचा, सगळे त्याला रंगारीच म्हणत. मितभाषी माणूस, दिवसाला दहा वाक्यं बोलला तर घसा बसायचा. तो अचानक लडी देताना मोठ्यानं नाव घ्यायला लागला. "हा शेवाळी. हा मोरपिशी. हा पारवा निळा बरं का."

"मला दिसतंय," थोरली म्हणायची. "तुम्ही काय लिलाव पुकारताय?"

मग त्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांचं काढलं. सहज जाऊन येऊ, वय झालं, सगळेच तपासतात. थोरली गेली नाही. पंधरा दिवसांनी त्यानं पुन्हा वेळ घेतली. तिनं ती फोन करून रद्द केली. तिसऱ्यांदा त्यानं विषय काढला तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिचे डोळे गेले असा डॉक्टरचा कागद आणायचा, हिला बाकावरून उठवायची, आणि धाकटीला बसवायची. कोपरा धाकटीचा. नाव धाकटीचं. भावजयीसाठी सख्ख्या बायकोचा काटा काढायला निघाला हा माणूस, असं तिला वाटलं, आणि त्या रात्री तिनं त्याच्याशी अबोला धरला. रंगाऱ्याला ते दोन दिवस कळलंच नाही.

आता पुरावा हवा होता. थोरलीनं सापळा लावला, आणि तो विणकरणीलाच सुचावा असा होता. सकाळी तिनं गवताच्या एका पात्यात जाणूनबुजून चूक केली. चित्राची रेघ उभ्या धाग्यांवर शाईनं उतरवलेली असते. ती सरळ वर जात होती, तिथे थोरलीनं तीन धागे डावीकडे सरकून एक दात काढला, तांदळाच्या दाण्याएवढा. तो कुठे आहे हे तिनं काठापासून धागे मोजून मनात ठेवलं. एकशे बारावा ते एकशे चौदावा. मग ती जेवायला गेली. जेवून पाठ टेकून तासभर पडून राहिली, नेहमीसारखी.

दोन वाजता ती येऊन बसली. धाकटी आपल्या टोकाला खाली मान घालून विणत होती. थोरलीनं बोटानं धागे मोजले. एकशे बारा, तेरा, चौदा. रेघ सरळ होती. दात गायब.

आता शहाण्या माणसानं काय विचार केला असता? उसवणाऱ्यानं चूक काढली आणि नीट विणलं, म्हणजे त्याला कापड नीट हवंय. पण थोरलीचं डोकं तिच्या मार्गानं धावलं. ही माझं काढून टाकते आणि स्वतःचं भरते. रोज थोडं, रोज थोडं. शेवटी अख्खं गवत हिच्या हातचं होईल, आणि बाई म्हणतील, ज्यांच्या हातचं काम त्यांचं नाव. त्या दुपारी तिनं एकही ओळ विणली नाही.

चित्रकारीणबाई गुरुवारी आल्या. थोरलीनं रंगाऱ्यालाही भट्टीवरून बोलावलं. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "ही माझ्या पाठीमागे माझं विणलेलं उसवते. मी पकडलंय. हो की नाही ते हिलाच विचारा."

बाईंचा चेहरा एकदम उतरला. इतका, की थोरलीलाही नवल वाटलं. "उसवलंत?" त्या धाकटीला म्हणाल्या. "किती? कधीपासून? मी तुम्हाला सांगितलं होतं ना, यांच्या बाजूला हात लावायचा नाही म्हणून?"

धाकटी थोरलीकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते तिनं गिळलं. थोरलीला ते दिसलं, आणि चोराला सबब सुचत नाही, असा तिनं त्याचा अर्थ लावला.

"हो," धाकटी म्हणाली. "उसवलं."

"का पण?" रंगारी म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. त्याला का ते माहीत होतं. तो जमिनीकडे बघू लागला.

"जळते माझ्यावर, म्हणून," थोरली म्हणाली. "हिला मी हाताला धरून शिकवलं. माझ्या मागावर मला चोर नको. आजपासून बाकाला पाय लावायचा नाही."

धाकटीनं आपली धागे दाबायची फणी आणि कात्री फडक्यात बांधली, जाताना फडताळाजवळ क्षणभर थांबली, एक लडी उचलून तिच्या कप्प्यात सरकवली, आणि गेली. घर एकच असल्यामुळे दोघी पुढे रोज जिन्यात समोरासमोर येत. धाकटी कडेला सरकून वाट देई. बोलत नसे.

शेवटचं हातभर कापड राहिलं होतं, ते थोरलीनं एकटीनं विणलं. दोन महिने लागले. या टोकाचं झालं की बाकावरून सरकत त्या टोकाला. कंबर मोडायची, पण मन कसं हलकं होतं. आता कुणी पाठीमागे काही करत नव्हतं. बाई आठवड्यातून दोनदा यायला लागल्या. सुलट्या बाजूला उभ्या राहून फोटो काढायच्या आणि म्हणायच्या, "वा. असंच. अगदी मनात येईल तसं विणा."

"काही चुकतंय का?" थोरलीनं एकदा विचारलं. का विचारलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"तुमचं काय चुकणार?" बाई म्हणाल्या.

फडताळ मात्र पूर्वीसारखं राहिलं नाही. रंगारी जिथे हात पोचेल तिथे लडी कोंबायचा. तो आता नावंही पुकारत नव्हता. एकदा बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा थोरली म्हणाली होती, "तुमचं बोलणं तुमच्या भावजयीपाशी करा." थोरली हिरवं घ्यायची ते हिरव्याच्या कप्प्यातून, निळं घ्यायची ते निळ्याच्या. कधीकधी दोन्ही मळकट वाटायचं, धुरकट, पावसाळी दुपारसारखं. खिडक्यांच्या काचा कुणी पुसत नाही म्हणून ती वैतागायची. एकदा स्वतः शिडी लावून सातही खिडक्या पुसल्या. तरी तसंच.

शेवटी कोपरा आला. शाईनं चार अक्षरं तिनं स्वतः धाग्यांवर उतरवली होती, सासऱ्यांच्या जुन्या फुटपट्टीनं मापून. भोवती गवत, गर्द हिरवं. अक्षरं निळी, फडताळात असेल त्यातलं सगळ्यांत झळझळीत निळं. वीतभर कापडाला तिनं नऊ दिवस घेतले. मागच्या बाजूनं सुट्या टोकांच्या झुपक्यात अक्षर दिसत नाहीच, ते हिशेबानं विणायचं असतं. सात धागे निळे, तीन हिरवे, सात निळे. तिनं एकदाही मोजणी चुकवली नाही. शेवटचा धागा ओवला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आधीच धुरकट असलेलं सगळं आणखी धुरकट झालं.

कापड मागावरून कापायचा दिवस ठरला. या कारखान्याचा एक नेम होता, सासऱ्यांनी घातलेला. ज्या ज्या हातांनी मागावर एक ओळ जरी विणली असेल, त्या प्रत्येक हातानं थोडे धागे कापायचे. तो नेम थोरलीला मोडता येईना. तिनं रंगाऱ्याकरवी निरोप धाडला. धाकटी आली, दाराशी उभी राहिली, कुणाकडे न बघता. बाईंनी दालनातली दोन माणसं बरोबर आणली होती. एकाच्या हातात कॅमेरा होता.

थोरलीनं आपल्या टोकाला कात्री चालवली. उभे धागे तुटताना टण् टण् आवाज येतो, ताण सुटल्याचा. मग तिनं कात्री न बोलता धाकटीपुढे धरली. धाकटीनं आपल्या टोकाचे धागे कापले. कापड सैल पडलं, चौघांनी ते उचललं, जमिनीवर पांढरी चादर घातली होती तिच्यावर सुलटं पसरलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा अख्खं चित्र सगळ्यांपुढे आलं.

थोरली कडेला उभी होती, हात पुसत. तिला नदी दिसली, गवत दिसलं. थोडं मळकं, पण दिसलं. मग तिनं माणसांच्या तोंडांकडे पाहिलं. ते वाचायला तिला रंगांची गरज नव्हती. सगळ्यांची नजर डावीकडून उजवीकडे जात होती आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर येऊन अडखळत होती. रंगाऱ्यानं तोंडावर हात धरला होता. धाकटीनं मान फिरवली. आणि चित्रकारीणबाईंचा चेहरा फुलला होता.

"बघा," त्या दालनातल्या माणसांना हळूच म्हणाल्या. "इथून. इथून नदी गवतात चढते. हे मला काढून दाखवता आलंच नसतं."

"आणि नाव?" कॅमेरावाल्यानं विचारलं. "कोपऱ्यात नाव आहे म्हणाला होतात."

"आहे की," थोरली म्हणाली. ती पुढे झाली, गुडघे टेकून बसली आणि बोट ठेवलं. "हे काय."

कॅमेरावाला वाकला. दुसरा माणूस वाकला. "इथे?" तो म्हणाला. "इथे तर नुसतं गवत आहे. सगळं हिरवं."

थोरली कोपऱ्याकडे बघत राहिली. इतकी बघत राहिली, की डोळे दुखायला लागले. तिला तिथे काय दिसत होतं? खरं सांगायचं तर तिला तिथे नाव कधीच दिसलं नव्हतं. ते तिथे आहे हे तिला माहीत होतं, एवढंच.

"जाऊबाईंनी मुद्दामच तसं विणलंय," दाराकडून आवाज आला. धाकटी पुढे आली होती. ती त्या दोन माणसांशी बोलत होती, पण तिचा आवाज कापत होता. "हिरव्यात हिरवं. हात फिरवल्यावरच कळावं म्हणून. त्यांना भपका आवडत नाही. आम्हाला आधीच सांगितलं होतं त्यांनी."

इतकं सफाईदार खोटं थोरलीनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि इतका राग तिला कुणाचा आला नव्हता. स्वतःचा आला होता, म्हणून तर तो आवरत नव्हता. ही पोरगी सहा महिने दुपारचं जेवण टाकून माझ्या चुका उसवत बसली. मी तिला चार लोकांत चोर म्हटलं. आणि ही अजून माझी चूक झाकतेय.

"नाही," थोरली म्हणाली. "मुद्दाम नाही. निळं घेतलं असं मला वाटलं. मला रंग दिसत नाहीत."

हे बोलायला तिला फार वेळ लागला नाही. इतके महिने जे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं ते एका दमात बाहेर आलं.

"ही दिवसा माझं बिघडलेलं नीट करत होती," ती म्हणाली. "हिनं केलं तिथपर्यंत चित्र चांगलं आहे ना? खरं सांगा." मग ती चित्रकारीणबाईंकडे वळली. "आणि तुम्हाला नमुना बघितला तेव्हाच कळलं होतं. म्हणून निळं-हिरवं. म्हणून हात लावायचा नाही."

बाईंनी नाकारलं नाही. ते एक त्यांचं चांगलं. "मला एका मोठ्या विणकरणीचं बघणं कापडात हवं होतं," त्या म्हणाल्या. "जसं आहे तसं. बदलत जाणारं. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, उलट हेच सगळ्यांत खरं आहे. तुमचं नाव मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावीन. आणि हा कोपरा तर..." त्यांचा आवाज भरून आला होता, खोटा नव्हता. "यापेक्षा सुंदर काही मी पाहिलं नाही. याला कुणी हात लावू नका."

हे शब्द थोरलीनं पूर्वी एकदा ऐकले होते. त्या वेळी ती मुकाट्यानं मागे सरकली होती.

"धाकटे, इकडे ये," ती म्हणाली.

धाकटी आली, पण दोन हात लांब थांबली. दोन महिन्यांचा अबोला एका हाकेनं जात नाही.

"इथे भोवतीनं कुठला रंग आहे?"

"गर्द हिरवा."

"आणि अक्षरांना?"

धाकटीनं एकवार रंगाऱ्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली, थोरलीच्या शेजारी. "तोच, जाऊबाई. त्याच लडीतला. निळ्याच्या कप्प्यात चुकून पडला असेल."

ही खरं सांगतेय कशावरून, असं थोरलीच्या मनात आलंच. सवय ती सवय. अजूनही ही काहीतरी झाकत असेल, याहून वाईट काही असेल तिथे, किंवा तिथे काहीच वाईट नसेल आणि ही मला बनवत असेल. तिनं कोपरा उचलून खिडकीकडे धरला. उत्तरेचा स्वच्छ उजेड होता, काचा पुसलेल्या होत्या. कापड मळकट दिसलं. तपासायला तिच्याकडे आता दुसरं काही उरलं नव्हतं. तिनं कोपरा खाली ठेवला.

"बाई, तुमचं चित्र तुम्ही न्या," ती चित्रकारीणबाईंना म्हणाली. "नदी गवतात चढू दे नाहीतर आणखी कुठे. ते विकलेलं आहे. वीतभर कोपरा माझा आहे, तुम्ही लिहून दिलंय. त्यात काय राहायचं ते मी बघते." 'बघते' म्हणताना तिला स्वतःचंच कसंतरी वाटलं, पण तिनं शब्द बदलला नाही.

"पण आता मागावरून कापलंय," बाई म्हणाल्या. "आता कसं..."

"चौकटीत ताणून सुईनं भरता येतं," धाकटी म्हणाली. बाईंना नाही, थोरलीला. तिनं फडक्याची गाठ सोडली आणि आतून बारीक कात्री काढली. तिचं टोक कोपऱ्यातल्या पहिल्या अक्षरावर, जिथे थोरलीचं बोट होतं त्याच्या अगदी शेजारी, अलगद टेकवलं. मग तिनं वर पाहिलं. इतके दिवस दुपारी एक ते दोन तिनं जे कुणाला न विचारता केलं होतं, ते तिनं या वेळी विचारलं.

"उसवू का, जाऊबाई?"

"उसव," थोरली म्हणाली.